डॉस सुरू होतानाच मेमरीत बसणारे प्रोग्राम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉसवर, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायच्या जुन्या कार्यप्रणालीवर, चालणारी यंत्रे अजून कामात आहेत. कुठे जुने मोजमापाचे उपकरण, कुठे सीएनसी मशीन, कुठे कुणी हौसेने जपलेला ३८६ प्रोसेसरचा पीसी. या सगळ्यांकडून येणारे प्रश्न फिरून एकाच जागी येतात: माउस, सीडी, कीबोर्ड, कॅश (डिस्कवरची माहिती वेगासाठी मेमरीत धरून ठेवणे) यांचे प्रोग्राम बूट होतानाच मेमरीत बसवायचे आणि तरीही मुख्य प्रोग्रामला पुरेशी जागा उरवायची, ती कशी? इथली उत्तरे मुख्यतः एमएस-डॉस ५.० ते ६.२२ साठी आहेत; विंडोज आणि फ्रीडॉस (डॉसचा मुक्त पर्याय) शेवटी आले आहेत. आज्ञा आणि फाइलींची नावे देवनागरीत लिहिली आहेत, यंत्रावर ती अर्थातच रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत टाइप करायची.

मेमरीत बसणारा प्रोग्राम, म्हणजे टीएसआर, नक्की काय करतो?

साधा प्रोग्राम संपला की डॉस त्याची मेमरी काढून घेतो आणि पुढच्याला देतो. टीएसआर संपताना डॉसला सांगतो की माझा एवढा भाग जागेवर राहू दे. त्यासाठी डॉस २.० पासून हेक्स २१ इंटरप्टचे हेक्स ३१ हे फंक्शन आहे (इंटरप्ट म्हणजे चालू काम थांबवून ठरलेला कोड चालवणारा इशारा; हेक्स म्हणजे १६ च्या पायाचे आकडे). किती जागा राखायची ते १६ बाइटच्या तुकड्यांत सांगावे लागते. त्याआधीची सोय म्हणजे इंटरप्ट हेक्स २७, पण तिथे ६४ केबीची मर्यादा होती.

नुसते बसून राहून उपयोग नाही, कुणीतरी हाक मारायला हवी. मेमरीच्या अगदी सुरुवातीच्या १०२४ बाइटमध्ये इंटरप्टचा तक्ता असतो: २५६ पत्ते, प्रत्येकी ४ बाइट. कळ दाबली की ९ क्रमांकाच्या पत्त्यावरचा कोड चालतो. घड्याळाचा ठोका सेकंदाला सुमारे १८.२ वेळा पडतो आणि ८ क्रमांकाच्या पत्त्यावरचा कोड चालवतो. टीएसआर या तक्त्यातला जुना पत्ता स्वतःकडे लिहून ठेवतो आणि तिथे आपला पत्ता टाकतो. काम झाले की तो जुन्या पत्त्यावरच्या कोडला हाक देतो. असे दोन-चार प्रोग्राम बसले की एकामागे एक साखळी तयार होते. ही साखळी लक्षात ठेवा, पुढच्या निम्म्या अडचणी तिच्यातूनच येतात.

१९८३ साली डॉस २.० सोबत आलेला प्रिंट हा या जातीचा सुरुवातीचा नमुना: तुम्ही दुसरे काम करत असता आणि तो मागे छपाई चालू ठेवतो. १९८४ च्या बोरलँड साइडकिकने कळ दाबताच कुठल्याही प्रोग्रामवर उघडणारी वही, गणकयंत्र आणि दिनदर्शिका दिली. त्यानंतर असे प्रोग्राम लिहिण्याची लाटच आली.

मग डिव्हाइस ड्रायव्हर वेगळा कसा?

ड्रायव्हर, म्हणजे एखादे उपकरण डॉसला वापरता यावे यासाठीचा प्रोग्राम, हाही मेमरीतच राहतो, पण तो कॉन्फिग.सिस या बूट होताना वाचल्या जाणाऱ्या मांडणीच्या फाइलीतून डॉसच्या रचनेचा भाग म्हणून जोडला जातो. त्याला ठरावीक आराखडा पाळावा लागतो आणि एकदा जोडलेला ड्रायव्हर सहसा बूट न करता काढता येत नाही. काही वस्तू दोन्ही रूपांत मिळतात. मायक्रोसॉफ्टचा माउस माउस.सिस म्हणूनही आहे आणि माउस.कॉम म्हणूनही. निवड असेल तर मी .कॉम घेतो, कारण ‘माउस ऑफ’ म्हटले की तो उतरवता येतो.

बूट होताना कुठली ओळ कधी चालते?

हे एकदा नीट समजून घ्या. यावर घालवलेला वेळ पुढे कित्येक पट वाचतो.

बायॉस (यंत्राच्या चिपमधला मूळ प्रोग्राम) डिस्कचा बूट सेक्टर, म्हणजे तिच्या सुरुवातीचा तुकडा, वाचते, बूट सेक्टर आयओ.सिस उचलतो, त्यापाठोपाठ एमएसडॉस.सिस येते. मग कॉन्फिग.सिस वाचली जाते, पण ती वरून खाली सरळ चालते असे समजू नका. ‘डॉस=’ ही ओळ कुठेही लिहिली तरी तिची दखल घेतली जाते. ड्रायव्हर जोडणाऱ्या ‘डिव्हाइस’ आणि ‘डिव्हाइसहाय’च्या (हाय म्हणजे वरच्या मेमरीत, ती पुढे येते) ओळी मात्र ज्या क्रमाने लिहिल्या त्याच क्रमाने चालतात. त्या सगळ्या संपल्यावर टीएसआर चढवणाऱ्या ‘इन्स्टॉल’च्या ओळींची पाळी येते, मग त्या फाइलीत डिव्हाइसच्या वर लिहिलेल्या का असेनात. सर्वांत शेवटी ‘शेल’च्या ओळीतला कमांड.कॉम, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, चढतो आणि तो ऑटोएक्झेक.बॅट ही सुरुवातीच्या आज्ञांची बॅच फाइल चालवतो.

यातून दोन गोष्टी निघतात. वरची मेमरी तयार करणाऱ्या ईएमएम३८६ला १ एमबीच्या पुढची मेमरी सांभाळणारा हायमेम लागतो, म्हणून हायमेमची ओळ त्याच्या वर हवीच. आणि कुठलीही ‘डिव्हाइसहाय’ त्या दोघांच्या खाली हवी. दुसरे म्हणजे, शेलच्या ओळीत ‘/पी’ राहून गेले तर ऑटोएक्झेक.बॅट चालतच नाही. माउसही नाही, सीडीही नाही, आणि पडद्यावर चूक झाल्याचा संदेशही नाही.

‘इन्स्टॉल’ वापरावे की ऑटोएक्झेकमधूनच चढवावे?

‘इन्स्टॉल’ डॉस ४.० मध्ये आले. त्याचा फायदा असा की त्यातून चढलेल्या प्रोग्रामसाठी एन्व्हायर्नमेंटची (पाथसारख्या सेट केलेल्या मूल्यांच्या यादीची) प्रत तयार होत नाही, म्हणून थोडी मेमरी वाचते. तोटेही त्यातूनच येतात. तेव्हा कमांड.कॉम अजून आलेला नसतो, त्यामुळे फाइलचा पूर्ण मार्ग आणि .कॉम किंवा .ईएक्सई हे शेपूट दोन्ही लिहावे लागते. बॅच फाइल चालत नाही. सेट केलेली मूल्ये वाचणारे, शॉर्टकट कळेवर उघडणारे, किंवा डिस्कच्या गंभीर चुका हाताळायला कमांड.कॉमवर विसंबणारे प्रोग्राम इथून चढवू नयेत.

कीब, शेअर, एनएलएसफंक, फास्टओपन हे डॉसबरोबर येणारे चार प्रोग्राम इथे निर्धास्तपणे चालतात. बाकी सगळे मी ऑटोएक्झेकमध्येच ठेवतो. एन्व्हायर्नमेंटचे वाचणारे शे-दोनशे बाइट क्रम नीट लावूनही वाचवता येतात (पुढे येतेच), आणि प्रोग्राम वरच्या मेमरीत चढवणारी ‘लोडहाय’ (थोडक्यात ‘एलएच’) ही कमांड.कॉमची आज्ञा असल्यामुळे एमएस-डॉस ६.२२ पर्यंत ती कॉन्फिग.सिसमध्ये मिळत नाही. वरच्या मेमरीत बसू शकणारा प्रोग्राम ‘इन्स्टॉल’ने खाली बसवणे म्हणजे दमडीच्या बचतीसाठी रुपया घालवणे.

एखादी नमुना मांडणी द्याल का?

३८६ किंवा पुढचा प्रोसेसर, किमान २ एमबी रॅम, एक सीडी ड्राइव्ह आणि माउस असे धरून कॉन्फिग.सिस:

डिव्हाइस=सी:\डॉस\हायमेम.सिस
डिव्हाइस=सी:\डॉस\ईएमएम३८६.ईएक्सई नोईएमएस
डॉस=हाय,यूएमबी
फाइल्स=३०
बफर्स=२०
लास्टड्राइव्ह=झेड
डिव्हाइसहाय=सी:\सीडी\सीडीरॉम.सिस /डी:एमएससीडी००१
शेल=सी:\डॉस\कमांड.कॉम सी:\डॉस\ /ई:५१२ /पी

आणि ऑटोएक्झेक.बॅट:

@एको ऑफ
एलएच सी:\डॉस\एमएससीडीईएक्स.ईएक्सई /डी:एमएससीडी००१
सी:\डॉस\स्मार्टड्रव्ह.ईएक्सई
एलएच सी:\माउस\माउस.कॉम
एलएच सी:\डॉस\डॉसकी.कॉम
प्रॉम्प्ट $पी$जी
पाथ सी:\डॉस
सेट टेम्प=सी:\टेम्प

सीडी ड्रायव्हरच्या फाइलचे नाव तुमच्या ड्राइव्हप्रमाणे बदलेल. ‘/डी:’ नंतरचे नाव मात्र दोन्ही फाइलींत अक्षरन् अक्षर सारखे हवे. सीडीला ड्राइव्हचे अक्षर देणारा एमएससीडीईएक्स त्या नावानेच ड्रायव्हर शोधतो. शून्याच्या जागी ओ पडला तरी सीडी दिसत नाही. स्मार्टड्रव्ह या डिस्क कॅशपुढे एलएच नाही याचे कारण तो जागा मिळाली तर स्वतःच वर जाऊन बसतो.

टीएसआरच्या ओळी पाथ आणि सेटच्या आधी का?

डॉस प्रत्येक प्रोग्रामला एन्व्हायर्नमेंटची स्वतंत्र प्रत देतो: पाथ, प्रॉम्प्ट, टेम्प, जे काही त्या क्षणी सेट असेल ते सगळे. प्रोग्राम मेमरीत बसला की ती प्रतही त्याच्याबरोबर बसते. (नीट लिहिलेले टीएसआर ती आधी सोडून देतात, पण सगळेच असे नसतात.) लांबलचक पाथ आणि आठ-दहा सेट ओळींनंतर पाच प्रोग्राम चढवले तर तीच माहिती पाच जागी पडून राहते. त्याच ओळी खाली सरकवल्या की एक पैसाही न खर्चता ती जागा परत मिळते. अट एवढीच की टीएसआर पूर्ण मार्गाने बोलवायचा, कारण पाथ अजून लागलेला नसतो. आणि ज्याला स्वतःचे मूल्य लागते, उदाहरणार्थ काही साउंड कार्डांचे प्रोग्राम ब्लास्टर हे मूल्य वाचतात, त्याची तेवढी सेट ओळ त्याच्या आधी ठेवा.

एमएससीडीईएक्स आणि स्मार्टड्रव्हचा क्रमही असाच कामाचा आहे. ६.२ पासूनचा स्मार्टड्रव्ह सीडीचीही कॅश करतो, पण त्याच्या आधी एमएससीडीईएक्स चढलेला असेल तरच.

यंत्रात १६ एमबी रॅम आहे, तरी ‘मेमरी अपुरी’ का म्हणतो?

कारण डॉसचे प्रोग्राम ८०८६ च्या जगात राहतात. त्या प्रोसेसरला २० पत्त्याच्या तारा, म्हणजे १ एमबीचा आवाका. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या रचनेत त्यातले खालचे ६४० केबी प्रोग्रामसाठी आणि वरचे ३८४ केबी व्हिडिओ, बायॉस व कार्डांसाठी राखले गेले. साधा टीएसआर त्या ६४० मध्येच बसतो आणि तुमच्या मुख्य प्रोग्रामच्या जागेतून वाटा घेतो. बाकीची १५ एमबी त्याला दिसतही नाही.

यावरचा मार्ग जून १९९१ मध्ये आलेल्या एमएस-डॉस ५.० ने सगळ्यांच्या हाती दिला. डीआर डॉस ५.० ने त्याआधीच, १९९० मध्ये, तो दाखवला होता. वरच्या ३८४ केबीत कार्डांनी न वापरलेले पत्ते बरेच असतात. ३८६ ची पाने फिरवण्याची क्षमता वापरून ईएमएम३८६ त्या रिकाम्या पत्त्यांवर खरी रॅम आणून ठेवतो. हे झाले यूएमबी, म्हणजे वरच्या मेमरीचे तुकडे. ‘डॉस=यूएमबी’ ते ताब्यात घेते, आणि मग ‘डिव्हाइसहाय’ व ‘लोडहाय’ त्यांत प्रोग्राम बसवतात.

१ एमबीच्या लगेच वर, १६ बाइट कमी ६४ केबीचा आणखी एक पट्टा असतो, त्याला एचएमए म्हणतात. हायमेमने ए२० ही तार खुली केली की तो हाती लागतो, २८६ वरसुद्धा. तो एका वेळी एकालाच मिळतो, आणि तो मान डॉसलाच द्यावा; ‘डॉस=हाय’ म्हणजे तेच.

नोईएमएस लिहायचे की रॅम? तुमच्या एखाद्या प्रोग्रामला ईएमएस मेमरी (जास्तीची मेमरी एका खिडकीतून दाखवण्याची पद्धत) लागत असेल तरच रॅम, कारण तिची ६४ केबीची खिडकी याच मौल्यवान वरच्या भागात उघडते. नसेल तर नोईएमएस.

एलएच लावले तरी प्रोग्राम खालीच बसतो. का?

सर्वांत जास्त छळणारा प्रश्न हाच, कारण डॉस काहीच बोलत नाही. वर जागा पुरली नाही तर लोडहाय प्रोग्रामला गुपचूप खाली चढवतो आणि पुढे जातो.

पहिले कारण: ‘डॉस=’च्या ओळीत यूएमबी राहून गेले, किंवा ईएमएम३८६ला नोईएमएस अथवा रॅम यांपैकी काहीच सांगितले नाही. मग वर जागाच तयार होत नाही.

दुसरे कारण जास्त खोल आहे. प्रोग्राम चढताना जेवढी जागा मागतो आणि बसल्यावर जेवढी धरून ठेवतो, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुरुवातीचा तपासणीचा आणि मांडणीचा कोड चढताना लागतो, बसताना टाकून दिला जातो. त्यामुळे बसल्यावर १५ केबी घेणारा प्रोग्राम चढताना ४० केबीचा सलग तुकडा मागू शकतो. वर एकूण ६० केबी मोकळी असेल, पण ३० आणि ३० अशी तुटलेली असेल, तर तो खालीच जाणार.

म्हणून चढताना सर्वांत जास्त जागा मागणाऱ्याला आधी चढवा. त्या वेळी वरचे तुकडे अखंड असतात. छोटे प्रोग्राम नंतर उरलेल्या फटींत मावतात. क्रम फक्त एका ओळीने बदलला आणि २०-३० केबी मोकळी झाली, असे सर्रास होते. ६.० पासून ‘एलएच /एल:१’ असे लिहून कुठल्या तुकड्यात बसवायचे तेही ठरवता येते.

तिसरे कारण: काही प्रोग्राम वर नीट चालतच नाहीत. वर बसवल्यावर यंत्र थिजत असेल तर त्याला खालीच राहू द्या, हट्ट धरू नका.

मेममेकर वापरावा का?

मेमरीची मांडणी आपोआप लावणारा हा प्रोग्राम मार्च १९९३ च्या एमएस-डॉस ६.० पासून मिळतो. बूट करून करून तो प्रत्येक प्रोग्रामची चढतानाची आणि बसल्यानंतरची मागणी मोजतो, आणि त्यावरून ‘/एल’ व ‘/एस’सह ओळी लिहून देतो. पहिल्यांदा करणाऱ्याने जरूर वापरावा. पण तो तुमच्या ओळींचा क्रम बदलत नाही, आणि खरी जागा क्रमातच दडलेली असते. आधी क्रम हाताने लावा, नको ते काढा, मग मेममेकर चालवा. निकाल पसंत नसेल तर ‘मेममेकर /अनडू’ने जुन्या फाइली परत येतात.

कोण किती जागा खातो हे कसे पाहायचे?

‘मेम /सी /पी’. प्रत्येक प्रोग्रामपुढे एकूण, खालची आणि वरची मेमरी अशा रकान्यांत आकडे येतात. तळाशी चालू शकणाऱ्या सर्वांत मोठ्या प्रोग्रामचा आकार असतो. नजर त्या आकड्यावर ठेवायची. ‘मेम /एफ’ मोकळे तुकडे दाखवतो, ‘मेम /एम डॉसकी’ एका प्रोग्रामचा हिशेब देतो. हे ६.० आणि पुढचे, ५.० मध्ये ‘मेम /सी’ आहे, मांडणी थोडी वेगळी.

एका वेळी एकच ओळ बदला, बूट करा, आकडा वहीत लिहा. तीन ओळी एकदम बदलल्या की कुठल्या ओळीने फायदा केला आणि कुठल्या ओळीने नुकसान, हे कळायचा मार्गच उरत नाही.

फाइल बदलली आणि आता यंत्र बूटच होत नाही.

६.० पासून ‘स्टार्टिंग एमएस-डॉस’ ही ओळ दिसताच एफ५ दाबा. दोन्ही फाइली वगळून डॉस सुरू होईल. एफ८ दाबले तर कॉन्फिग.सिसची प्रत्येक ओळ चालवू का असे विचारले जाते, ६.२ पासून ऑटोएक्झेकच्या ओळीही एकेक करून विचारल्या जातात. ज्या ओळीवर यंत्र थिजले ती गुन्हेगार. तिच्यापुढे ‘रेम’ लावा, म्हणजे डॉस ती वगळेल, आणि पुन्हा बूट करा. संशयाची ओळ ‘डिव्हाइस?=’ अशी प्रश्नचिन्हासह लिहिली तर फक्त तिच्यासाठी विचारणा होते.

५.० वर ही सोय नाही. तिथे बूट होणारी फ्लॉपी तयार ठेवल्याशिवाय या फाइलींना हात लावू नका. ‘स्विचेस=/एन’ लिहिलेल्या यंत्रावरही एफ५ आणि एफ८ बंद असतात.

बूटच्या मधेच, विशेषतः ईएमएम३८६ नंतर थिजत असेल, तर नेटवर्क किंवा स्कझी (डिस्क जोडण्याच्या) कार्डाची मेमरी आणि यूएमबी एकाच पत्त्यावर आदळत असण्याची शक्यता मोठी. कार्डाच्या कागदपत्रांत पत्ता पाहून ईएमएम३८६च्या ओळीत तो वगळा, उदाहरणार्थ ‘एक्स=डी०००-डी७एफएफ’.

एका कामाला सीडी हवी, दुसऱ्याला सगळी मेमरी. दोन मांडण्या ठेवता येतील का?

येतात, ६.० पासून. कॉन्फिग.सिसच्या सुरुवातीला:

[मेनू]
मेनूआयटम=साधे
मेनूआयटम=सीडी
मेनूडिफॉल्ट=साधे,१०

त्याखाली [साधे], [सीडी] असे विभाग, आणि दोघांना लागणाऱ्या ओळी [कॉमन] मध्ये. निवडलेल्या विभागाचे नाव ‘कॉन्फिग’ या मूल्यात येते, म्हणून ऑटोएक्झेकमध्ये ‘गोटू %कॉन्फिग%’ लिहून त्या त्या नावाच्या खुणेवर उडी मारता येते. इथला १० म्हणजे सेकंद. तेवढ्यात कुणी कळ दाबली नाही तर पहिली मांडणी सुरू होते. कारखान्यातल्या किंवा प्रयोगशाळेतल्या यंत्रावर हे फार उपयोगी: रोजचे काम आपोआप सुरू होते, दुरुस्तीची मांडणी हवी तेव्हाच निवडायची. फाइलीच्या अगदी शेवटी एक रिकामा [कॉमन] ठेवा, म्हणजे एखाद्या इन्स्टॉलरने तळाशी जोडलेली ओळ चुकीच्या विभागात अडकत नाही.

चढलेला प्रोग्राम बूट न करता उतरवता येतो का?

त्याच्या लेखकाने सोय केली असेल तर. व्हायरसवर नजर ठेवणाऱ्या व्हीसेफला ‘/यू’ आहे, पुसलेल्या फाइली परत आणणाऱ्या ६.० च्या अनडिलीटला ‘/अनलोड’. आधी टाइप केलेल्या आज्ञा परत आणणाऱ्या डॉसकीला अशी सोय नाही. त्याचे ‘/रीइन्स्टॉल’ नावावरून जुनी प्रत काढेल असे वाटते, पण ते दुसरी प्रत चढवते आणि आणखी जागा घेते.

सोय असूनही प्रोग्राम ‘आत्ता उतरू शकत नाही’ म्हणाला, तर सुरुवातीची साखळी आठवा. तुमच्यानंतर चढलेल्या प्रोग्रामने तुमचा पत्ता ‘जुना पत्ता’ म्हणून लिहून ठेवलेला असतो. मधला दुवा निघून गेला तर पुढची हाक रिकाम्या जागी जाईल आणि यंत्र तिथेच थिजेल. म्हणून शहाणा टीएसआर तक्त्यात अजून आपलाच पत्ता आहे का ते पाहतो, नसेल तर नकार देतो. शेवटी चढलेला आधी उतरवा, हा नियम त्यामुळेच. मार्क आणि रिलीज ही प्रोग्रामांची जोडी दुसऱ्या वाटेने जाते: मार्क आधीची स्थिती टिपून ठेवतो, रिलीज त्यानंतर चढलेले सगळे एकदम काढतो.

शॉर्टकट कळ दाबली तरी खिडकी लगेच उघडत नाही, किंवा कधी उघडतच नाही.

डॉसच्या एका कामाच्या मध्यात त्याला दुसरे काम सांगता येत नाही. त्याची आतली स्टॅक (चालू कामाची माहिती ठेवायची जागा) एकेकट्या कामापुरतीच असते. फाइल वाचली जात असताना टीएसआरने उठून दुसरी फाइल उघडायला सांगितली तर पहिल्या कामाची माहिती पुसली जाईल. म्हणून चांगला टीएसआर डॉस कामात असल्याची खूण तपासतो आणि डॉस मोकळा होईपर्यंत, किंवा तो कळेची वाट पाहत असताना देत असलेल्या हेक्स २८ या इंटरप्टपर्यंत, थांबतो. उशीर होणे हे त्या प्रोग्रामच्या सभ्यपणाचे लक्षण आहे.

मुळीच उघडत नसेल तर दोन शक्यता. चालू प्रोग्रामने कीबोर्डचा इंटरप्ट स्वतःकडे घेतला आणि पुढे हाक दिलीच नाही. किंवा दोन टीएसआर एकाच कळेवर टपून आहेत. दुसऱ्या बाबतीत चढण्याचा क्रम उलटा करून पाहा. शेवटी चढलेल्याला कळ आधी कळते.

ऑटोएक्झेकच्या मधल्या ओळीनंतर पुढचे काहीच चालत नाही.

त्या ओळीत दुसरी बॅच फाइल बोलावली आहे का पाहा. तिच्या आधी ‘कॉल’ नसेल तर नियंत्रण तिकडे जाते आणि परत येत नाही. टीएसआर चढवण्यासाठी विक्रेत्याने बॅच फाइल दिली असेल तेव्हा हे हमखास घडते.

चालू प्रोग्राममधून तात्पुरते डॉसमध्ये येऊन टीएसआर चढवला तर?

कधीही नको. मूळ प्रोग्राम खाली मेमरीत पडून असतो आणि टीएसआर त्याच्या वर बसतो. मूळ प्रोग्राम बंद झाला की त्याची जागा मोकळी होते, पण टीएसआर मधोमध अडून राहतो. एकूण मोकळी मेमरी भरपूर दिसते आणि सलग तुकडा मात्र मिळत नाही. उपाय एकच, पुन्हा बूट.

मेमरीत बसलेले प्रोग्राम असताना यंत्र थेट बंद केले तर चालते का?

माउस किंवा डॉसकीला काही फरक पडत नाही. स्मार्टड्रव्हला पडतो. लिहायची माहिती तो काही काळ मेमरीत धरून ठेवू शकतो, आणि ६.० मध्ये ती डिस्कवर उतरण्याआधीच प्रॉम्प्ट परत दिसत असे. लोक प्रॉम्प्ट पाहून वीज बंद करत आणि फाइली बिघडत. ६.२ पासून माहिती लिहून झाल्यावरच प्रॉम्प्ट येतो. ६.० वर असाल तर बंद करण्याआधी ‘स्मार्टड्रव्ह /सी’ द्या. ज्या यंत्रावर मोजणीच्या नोंदी साठतात, तिथे ही सवय लावून घ्याच.

अनोळखी काहीतरी मेमरीत बसले आहे का, हे कसे ओळखावे?

डॉसचे बरेच व्हायरस याच तंत्राने जगले. १९८६ चा ब्रेन बूट सेक्टरमधून डॉसच्या आधीच मेमरीत शिरे आणि बायॉसने सांगितलेला मेमरीचा आकडा कमी करून आपली जागा लपवी. १९८७ चा जेरुसलेम हा सरळसरळ टीएसआर होता. चालवलेल्या फाइलींना तो चिकटत जाई.

‘मेम’ एकूण खालची मेमरी ६५५,३६० बाइट दाखवतो, म्हणजे बरोबर ६४० केबी. आकडा १ केबीने कमी असेल तर घाबरू नका, काही बायॉस तेवढी जागा स्वतःसाठी घेतात. काहीही न बदलता तो एक दिवस अचानक घसरला, तर मात्र लिहिण्यास बंद केलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून बूट करून तपासा. ब्रेन चालू असताना बूट सेक्टर वाचायला गेलात तर तो मूळ, निरोगी सेक्टर दाखवतो, म्हणून बाधित यंत्रावर बसून तपासण्यात अर्थ नाही. मांडणी पक्की झाल्यावर ‘मेम /सी’चा निकाल कागदावर छापून यंत्राजवळ ठेवला तर अशी तुलना क्षणात होते.

विंडोजमध्ये हे सगळे कसे चालते?

विंडोज ३.१ सुरू होण्याआधी चढवलेला टीएसआर प्रत्येक डॉस खिडकीत हजर असतो आणि प्रत्येकीत जागा घेतो. एकाच खिडकीत हवा असेल तर ती उघडून तिथेच चढवा. फक्त विंडोजच्या प्रोग्रामला हवा असेल तर विंडोज सुरू होताना चालणाऱ्या विनस्टार्ट.बॅटमध्ये ठेवा. विंडोज ९५ हायमेम आपोआप चढवते, ईएमएम३८६ नाही. वरची मेमरी हवी असेल तर ती ओळ तुम्हालाच लिहावी लागते. एनटी घराण्याच्या ३२ बिट आवृत्त्यांत सिस्टिम३२ मधल्या कॉन्फिग.एनटी आणि ऑटोएक्झेक.एनटी या फाइली डॉस प्रोग्रामसाठी वाचल्या जातात. ६४ बिट विंडोजमध्ये डॉस चालवणारा तो भागच नाही. तिथे डॉसच्या यंत्राची नक्कल करणारा डॉसबॉक्स वापरा आणि त्याच्या मांडणीच्या फाइलीत [ऑटोएक्झेक] विभागात ओळी लिहा.

फ्रीडॉसवर काय बदलते?

तत्त्व तेच, नावे थोडी वेगळी. कर्नल आधी एफडीकॉन्फिग.सिस शोधतो, ती नसेल तर कॉन्फिग.सिस वाचतो. ऑटोएक्झेकचे काम सहसा एफडीऑटो.बॅट करते आणि तिचे नाव शेलच्या ओळीत ‘/पी’ला जोडून दिलेले असते, त्यामुळे साध्या ऑटोएक्झेक.बॅटमध्ये केलेला बदल दिसला नाही तर आधी ती ओळ वाचा. हायमेम आणि ईएमएम३८६ या दोघांचे काम जेमएमईएक्स एकटा करू शकतो. एमएससीडीईएक्सच्या जागी एसएचएसयूसीडीएक्स आहे. माउससाठी सीटीमाउस आहे, त्याची गरज फार थोडी आणि ‘/यू’ने तो उतरतोही, हा मी एमएस-डॉसवरसुद्धा आवडीने वापरतो. ‘इन्स्टॉलहाय’ इथे मिळते, म्हणून ‘इन्स्टॉल’बद्दल वर घेतलेला मुख्य आक्षेप फ्रीडॉसला लागू होत नाही. मेनूची लिहिण्याची पद्धत मात्र निराळी आहे: विभागांऐवजी ओळीच्या आधी ‘१?’ किंवा ‘१२?’ असे निवडीचे आकडे येतात, आणि एमएस-डॉसची मेनू असलेली फाइल तशीच्या तशी उचलून चालत नाही.